राजदूताने मागितलेली ओळ

१

काल संध्याकाळी बंद खोलीत वाचलेला कायद्याचा मसुदा आज सकाळी परदेशी राजदूत टीव्हीवर घडाघडा सांगत होता. तळ्यांखालचा क्षार देशाच्या मालकीचा होणार, तो उपसणाऱ्या परदेशी कंपनीचा करार मुदतीआधी संपणार, तिच्या तंत्रज्ञांचे परवाने थांबणार. एकही कलम इकडचं तिकडे नाही. राजदूत कंपनीच्याच देशाचा, त्यामुळे त्याच्या आवाजात घरचं कुणी गेल्यासारखं दुःख होतं.

"आक्का, आपल्यातलाच कुणीतरी फुटलाय," अण्णा म्हणाले. बोलताना ते समितीच्या दालनात येरझाऱ्या घालत होते.

अण्णा त्या समितीचे अध्यक्ष. सभागृहात त्यांचा दरारा असा की विरोधकही पाणी पिऊन मगच प्रश्न विचारत. पण समोर बसलेल्या आक्का त्यांच्या थोरल्या बहीण, आणि त्यांच्या लेखी तो अजून बाळच होता. आयुष्यभर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून त्या निवृत्त झाल्या होत्या. ऐकताना डोळे मिटायची त्यांची सवय होती. किती वकिलांना त्या डुलक्या घेताहेत असं वाटलं आणि ते नको ते बोलून गेले, याची गणती नव्हती.

"बाळ, आधी खाली बस. मला तुझ्या मागे मान फिरवता येत नाही."

अण्णा बसले. "काल माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण झालं गं. उभा राहून बोललो. आणि त्याच खोलीत बसून एकजण ते सगळं गिळत होता, आज ओकायला!"

"एकजण म्हणजे कोण?"

अण्णांनी खिडकीकडे तोंड केलं. "मास्तर."

आक्कांचे डोळे उघडले. मास्तर म्हणजे समितीतलाच एक सदस्य, पेशाने प्राध्यापक. तो अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एकाच बाकावर बसले, एकाच दिवशी राजकारणात आले. लहानपणी तो यांच्याच घरी जेवायचा आणि आक्कांनी त्याला कैकदा धपाटेही घातले होते.

"त्याची मुलगी त्यांच्या देशात आहे. नोकरीला," अण्णा म्हणाले. "बाकी कुणाचं कोण आहे तिकडे? दुपारी मतदान आहे. त्याआधी मी त्याला समितीतून काढतोय."

"म्हणजे कायदा पडेल. त्याच्या मताशिवाय तुमची दोन्ही पारडी सारखी होतात, असं तूच म्हणाला होतास."

"पडू दे! घरभेद्याच्या मतावर मला कायदा नको."

कायद्यासाठी या माणसाने केस पांढरे केले होते. उत्तरेची तळी कंपनीच्या पंपांनी कोरडी पडत चालली होती, काठावरची गावं रिकामी होत होती, हे पाहून तो रात्र रात्र झोपला नव्हता. आणि आता तोच "पडू दे" म्हणत होता. आक्कांना भावाची कीव आली आणि त्याचबरोबर एक शंकाही आली. राजदूताला गुपित कळलं होतं, तर ते त्याने गुपचूप का नाही वापरलं? टीव्हीवर का सांगितलं?

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला वेळ दे," त्या उठल्या. "तोवर कुणालाही काढायचं नाही."

"उशीर झालाय आक्का. मास्तर बाहेर बसलाय. राजीनामा घेऊनच आलाय."

२

आक्का आधी मास्तरकडे गेल्या नाहीत. दुखावलेल्या माणसाला विचारायला जाताना आपल्या हातात काहीतरी असावं, हा त्यांचा जुना नियम.

चिटणीस दालन दाखवायला आला. नियमांचा किडा असलेला हा सडसडीत माणूस कालच्या प्रकाराने रडकुंडीला आला होता. लांबट खोली, मधे टेबल. एका बाजूला दुभाष्याचा काचेचा बूथ. टोकाला काचेचं दार, त्यापलीकडे पाहुण्यांची बैठक. काचेवर जाड पडदा होता.

"कागद कुणालाच दिले नव्हते," चिटणीस म्हणाला. "साहेबांनी मसुदा वाचला, सगळ्यांनी ऐकला. फोन बाहेर पेटीत. खोली आधी तपासून घेतली होती. मी स्वतः, आक्का."

"बाहेरचं कुणी?"

"सकाळच्या खुल्या सत्रात सल्लागार पाहुणीबाई होत्या. त्या कुठल्याशा लोकशाही-संस्थेच्या. संध्याकाळचं सत्र बंद, म्हणून त्यांना आधीच बाहेर काढलं. म्हणजे, मानाने. पाहुण्यांच्या बैठकीत चहा दिला. नंतर त्या विमानतळावर गेल्या." त्याने नाक मुरडलं. "हे पाहुणे म्हणजे! हेडफोन गळ्यात अडकवून चहाला जातात. कालही आमच्या शिपायाने तो सोफ्यावरून उचलून आणला."

समितीतले दुसरे सदस्य शेठ आपल्या खोलीत पाय पसरून बसले होते. यंत्रं आयात करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि कायद्याला त्यांचा विरोध उघड होता.

"माझ्यावर संशय असेल तर बिनधास्त विचारा," ते हसले. "मी चोरून कशाला सांगू? मी तर विरोध तोंडावर करतो. कालच केवढ्यांदा भांडलो! कामगारांच्या कलमावर. म्हटलं, कंपनी जाणार तर जाऊ द्या, तिचे सगळे कामगार सरकारच्या गळ्यात कशाला बांधता? तुमचे बंधुराज माझ्यावर असे खेकसले की बस."

"म्हणजे कामगारांना कायम ठेवायचं, असं मसुद्यात आहे?"

"आहे म्हणजे? मास्तरनेच घालायला लावलंय. त्या एका ओळीवरून जो गोंधळ उडाला!"

आक्कांनी डोळे मिटले. बाहेर फाटकापाशी गलका वाढत होता. कंपनीच्या गाड्यांतून आणलेले कामगार घोषणा देत होते की आम्हाला रस्त्यावर आणू नका.

"शेठ," त्या हळूच म्हणाल्या, "मला राजदूताचं बोलणं पुन्हा एकदा ऐकवता?"

शेठनी फोन पुढे केला. आक्कांनी शेवटचं वाक्य ऐकलं, परत ऐकलं, आणि झोप पार उडाल्यासारख्या त्या ताठ बसल्या.

३

मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. गुडघ्यावर पाकीट, त्यावर दोन्ही हात. आक्कांना पाहून तो उठला, वाकला, आणि पुन्हा बसला.

"तू सांगितलंस का रे त्यांना?" आक्कांनी सरळ विचारलं.

"नाही."

"मग राजीनामा कशाला?"

"आक्का, सकाळी बातम्या संपल्या आणि मी अण्णाला फोन केला. म्हटलं, आता काय करायचं? तर त्याने विचारलं, मुलगी बरी आहे का?" मास्तरने गुडघ्यावरचं पाकीट सरळ केलं. "इतक्या वर्षांत त्याने तिची चौकशी कधी अशी केली नव्हती. तिला तो छकुली म्हणतो. आज 'मुलगी' म्हणाला. मला सगळं कळलं."

आक्कांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"कामगारांची ओळ तू घातलीस?"

"माझा बाप खाणीत होता. तुम्हाला ठाऊकच आहे. अण्णाने तर ती दोनदा वाचून दाखवायचं कबूल केलं होतं, पण शेठनी मधेच तोंड घातलं आणि एकदाच वाचली गेली. त्यावर मग नुसती हमरीतुमरी."

"हमरीतुमरीत त्या ओळीचे शब्द कुणी उच्चारले का?"

मास्तरने आठवून पाहिलं. "नाही. सगळे एकदमच ओरडत होते. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. का?"

"पाकीट खिशात ठेव," आक्का म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही. धपाटा घालीन."

मास्तर जरासा हसला. पण पाकीट त्याने हातातच ठेवलं.

४

दुभाषीबाई बूथमध्ये एकटीच बसली होती. तरुण, नीटनेटकी, आणि चेहऱ्यावर गुन्हेगाराची कळा. तिच्या टेबलावर पाण्याची बाटली होती आणि खोकल्याच्या गोळ्यांची चुरगळलेली वेष्टनं होती.

"काल खोकला होता?" आक्कांनी विचारलं.

"नाही. म्हणजे, थोडासा."

"मला बरं वाटेल असं नको सांगूस. जे झालं ते सांग."

तिचे डोळे भरून आले. "जोडीदार आजारी होता. आम्ही नेहमी दोघं असतो, आळीपाळीने बोलतो. काल दिवसभर मी एकटीच. घसा पार बसला होता. आमच्याकडे खोकल्याचं बटण असतं, ते दाबलं की माइक बंद होतो. काल ते दाबलं, आणि खोकला थांबेचना. आमच्या कामात एक वाक्य गेलं तर ती नाचक्की असते हो. आजवर माझं कधी गेलं नव्हतं."

"कुठलं गेलं?"

"कामगारांचं. साहेबांनी वाचलं ते मी ऐकलं, पण माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. मग सगळे एकदम भांडायला लागले. तेव्हा आम्ही 'सदस्य बोलत आहेत' इतकंच म्हणतो."

आक्का तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. "पण बाळा, ते सत्र बंद होतं. पाहुणीबाई बाहेर गेल्या होत्या. बाकी सगळ्यांना भाषा येत होती. मग तू कुणासाठी बोलत होतीस?"

दुभाषीबाईला प्रश्नच कळला नाही. "अध्यक्षांनी मोकळं केल्याशिवाय आम्ही थांबत नाही. 'दुभाष्यांचे आभार' असं ते म्हणतात, मग माइक बंद करायचा. काल ते म्हणालेच नाहीत. आम्ही खुर्च्यांकडे बघत नसतो, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो."

"त्या हेडफोनचा आवाज किती लांब जातो? भिंतीपलीकडे?"

"छे. तो प्रकाशावर चालतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या. भिंत लागली की संपला." तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "काच असेल तर जातो."

५

आक्कांनी हेडफोन कानाला लावला. दुभाषीबाईला म्हणाल्या, तुझ्या मनाला येईल ते बोल. मग त्या काचेच्या दारातून पाहुण्यांच्या बैठकीत गेल्या आणि दार ओढून सोफ्यावर बसल्या. पडदा त्यांनी आधीच बाजूला केला होता.

कानात दुभाषीबाईचा बसका आवाज स्वच्छ येत होता. ती बिचारी काही सुचेना म्हणून महिन्यांची नावं म्हणत होती.

त्यांनी चिटणीसाला खूण केली. त्याने आतून पडदा ओढला. आवाज तिथल्या तिथे तुटला.

चिटणीसाच्या तोंडचं पाणी पळालं. "बंद सत्रात पडदा ओढायचा, असा नियमच आहे. मला वाटायचं, कुणी बघू नये म्हणून. पण मी ओढला होता, आक्का! शपथेवर सांगतो. आणि शेवटी खोली आवरायला लागलो तेव्हा तो उघडा होता. मला वाटलं, शिपायाने झाडताना सारला असेल."

"शिपाई बंद सत्रात येतो?"

"नाही."

आक्का टेबलाभोवती फिरल्या. सदस्यांच्या खुर्च्यांची पाठ काचेकडे होती. बसल्या जागेवरून पडदा कुणाला दिसलाच नसता. काचेकडे तोंड असलेली खुर्ची एकच होती. त्या खुर्चीवर हात टेकून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत अनेक निकाल त्यांनी जड मनाने दिले होते, पण घरच्या माणसाविरुद्ध कधी द्यावा लागला नव्हता.

"सगळ्यांना बोलाव," त्या चिटणीसाला म्हणाल्या. "आणि अण्णांना सांग, बसूनच ऐकायचं."

६

शेठ, मास्तर, चिटणीस, दुभाषीबाई आले. अण्णा आपल्या जागी बसले. मास्तरकडे त्यांनी पाहिलं नाही.

"राजदूत आज काय म्हणाला ते नीट आठवा," आक्कांनी सुरुवात केली. "सगळी कलमं त्याने सांगितली. आणि शेवटी म्हणाला, 'गरीब कामगारांना रस्त्यावर टाकू नका. त्यांना कायम ठेवण्याची एक ओळ तरी घाला, आम्ही त्याच क्षणी विरोध मागे घेऊ.' ती ओळ तर मसुद्यात आहे. मग त्याने मागितली का?"

"बदनामीसाठी," अण्णा म्हणाले. "लबाडी आहे ती."

"लबाड माणूस जगासमोर असं वचन देत नाही. दुपारी तू ती ओळ वाचलीस की त्याला गप्प बसावं लागेल. ती आहे हे ठाऊक असतं, तर त्याने दुसरंच काहीतरी मागितलं असतं. त्याला ठाऊक नव्हतं, बाळ. आता सांग, या खोलीतला कोण असा आहे ज्याला ती ओळ ठाऊक नाही? शेठ तिच्यावरून भांडले. चिटणीस ऐकत होता. आणि मास्तरची तर ती ओळच आहे. तो फुटला असता तर सगळ्यात आधी तीच सांगितली असती."

शेठनी मान डोलावली. आक्का पुढे बोलू लागल्या.

"ती ओळ फक्त एका ठिकाणी नव्हती. हेडफोनमध्ये. तिथे ती खोकल्यात गेली." दुभाषीबाईने मान खाली घातली. आक्का तिच्याकडे वळल्या. "मान वर कर. तुझ्या खोकल्याने आज एका माणसाची अब्रू वाचवली आहे."

मग त्यांनी काचेची, प्रकाशाची, सोफ्यावर सापडलेल्या हेडफोनची हकिगत सांगितली. पाहुणीबाई चहा पीत पलीकडे बसली होती आणि निवांत सगळं ऐकत होती. ऐकलेलं तिने रात्रीतच राजदूताला कळवलं.

"पण पडदा?" शेठ म्हणाले. "पडदा उघडणारा तर आतलाच."

"आतलाच," आक्का म्हणाल्या. "बाळ, तू उभा राहून कुणाकडे बघत बोललास काल?"

अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"ती पाहुणी म्हणाली," ते शेवटी पुटपुटले, "ऐकू आलं नाही तरी चालेल. तुम्हाला बोलताना नुसतं पाहीन तरी. म्हणाली, माझं जुनं भाषण तिच्या संस्थेत शिकवतात." त्यांनी कपाळाला हात लावला. "पडदा मी सारला. पाहुण्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, बरं दिसतं का ते? आणि बोलायच्या घाईत दुभाष्यांचे आभार राहिले. आक्का, मला खरंच वाटलं नव्हतं गं, की पडद्याचा आवाजाशी काही संबंध असेल."

"ते मला ठाऊक आहे. तू फुटला नाहीस. तू फुगलास."

आक्कांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आणि आता पुढचं ऐक, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे," आक्का म्हणाल्या. "त्यांना गुपित हवं होतं, तर ते त्यांनी मुठीत ठेवलं असतं. त्यांनी ते चव्हाट्यावर मांडलं, कारण त्यांना मसुद्याशी घेणं नव्हतं. तुमच्यातला कुणीतरी फुटलाय, एवढंच तुम्हाला कळायला हवं होतं. पुढचं काम तुम्ही स्वतः करणार, याची त्यांना खात्री होती. कुणाची मुलगी कुठे आहे, हे त्यांनी आपल्या आधी पाहून ठेवलं होतं. मास्तर जातो, मत जातं, कायदा जातो. त्यांना या खोलीतल्या कुणाला विकतसुद्धा घ्यावं लागलं नाही."

अण्णा उठले. टेबलाला वळसा घालून मास्तरपर्यंत आले. त्यांनी हात पुढे केला.

मास्तरने त्या हाताकडे पाहिलं. "अण्णा, तो राजदूत परका माणूस. त्याने जाळं टाकलं, त्याचं तो बघेल. पण त्याने तुझ्या कानात माझं नाव सांगितलं नव्हतं. ते तू स्वतः घेतलंस." पाकीट त्याने खिशात टाकलं. "मत देईन. ती ओळ माझ्या बापासाठी आहे."

आणि तो आपल्या नेहमीच्या, अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर न बसता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

मतदानाची वेळ झाली. चिटणीस लगबगीने पडदा ओढायला निघाला, तर अण्णांनी त्याला थांबवलं.

"उघडाच राहू दे. बैठक आज खुली आहे. पत्रकारांना आत घ्या. फाटकावरच्या कामगारांतले चारजण बोलवा. ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं." त्यांनी बूथकडे पाहिलं. "बाई, आज शब्दन् शब्द जाऊ द्या. खोकला आला तर हात वर करा, मी थांबेन."

त्यांनी आधी कामगारांची ओळ वाचली. दोनदा. मग राजदूताचं सकाळचं वचन वाचून दाखवलं. आणि मग, आवाज न चढवता, पडद्याची गोष्ट सांगितली. आपली चूक, आपला संशय, मास्तरचं नाव, काही गाळलं नाही. बूथमध्ये बसका आवाज त्यांच्या मागोमाग चालत राहिला. शेठनी विरोधात हात वर केला. मास्तरने बाजूने केला. कायदा एका मताने पुढे गेला.

लोक पांगले तेव्हा अण्णा रिकाम्या खुर्चीशेजारी बसून होते. मास्तर चहाला न थांबता निघून गेला होता.

"बोलेल ना गं तो माझ्याशी?" त्यांनी विचारलं. शाळेत भांडण झाल्यावर विचारायचे तसंच.

आक्कांनी पर्स उचलली. "ठाऊक नाही. त्याच्या घरी जा. गाडी नको, चालत जा. छकुली कशी आहे ते विचार." दारापाशी जाऊन त्या वळल्या. "आणि बाळ, तिथे भाषण करू नकोस."

अण्णांनी मान डोलावली. मग ते उठले, काचेच्या दारापाशी गेले, आणि निघण्याआधी त्यांनी पडदा नीट ओढून घेतला.